जपानमध्ये कोसा, बांबू आणि निळीचं काम जवळून पाहायला कुठे जावं?

मोहाडी_माग

नमस्कार मंडळी. आमच्या विणकर गटातले चौघं जण येत्या नोव्हेंबरात टोकियोला जाऊन राहिलो. तिथल्या एका प्रदर्शनात करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाची आमची कोशाची साडी, मांडायची आहे. ते आटोपलं की हाती आठेक दिवस उरतात. दोघं कोसा (टसर रेशीम) विणणारे आहेत, एक भाऊ बुरडकाम करतात आणि एक ताई रंगाईचं पाहतात.

इंटरनेटवर ‘अनुभव’ म्हणून जे दिसते ते बहुतेक तासाभराचं आहे. किमोनो घाला, फोटो काढा, चहा प्या. त्याला नाव ठेवत नाही, पण आम्हाला धागा कसा निघते, कामटी कशी फाडतात, रंगाचं भांडं कसं लावतात हे पाहायचं आहे. जमलं तर हात लावून पाहायचं आहे. जपानी कोणालाच येत नाही, इंग्रजी जेमतेम. चौघांपैकी तिघं शाकाहारी. कुठे जावं, आधी काय ठरवावं, आणि पैसे कुठे वाया जातात ते सांगा जी.

ऐन_अर्जुन

भाऊ, तुम्ही कोशाचे लोक आहात तर क्योतोच्या मागे धावू नका. आधी नागानो प्रांतात जा. जपानमध्येही रानकोसा आहे. त्याला तिथे ‘तेनसान’ किंवा ‘यामामायु’ म्हणतात आणि ती अळी आपल्या कोशाच्या अळीच्याच कुळातली, अँथेरियाच. आपली ऐन-अर्जुनावर वाढते, त्यांची कुनुगी नावाच्या ओकवर. कोष हिरवा असतो आणि धागाही फिकट हिरवा निघतो. त्या धाग्यावर रंग नीट बसत नाही, म्हणून तो बहुतेक नैसर्गिक रंगातच वापरतात.

हे पाहायचं ठिकाण म्हणजे आझुमिनो गावातलं तेनसान केंद्र. मात्सुमोतोहून ओइतो लाइनची गाडी धरा, अर्ध्या तासात होताका स्टेशन. पुढे टॅक्सी, नाहीतर स्टेशनाबाहेर भाड्याची सायकल. एक गोष्ट आधीच समजून घ्या. वर्षाला एकच पीक निघते. अळ्या वसंतात फुटतात, उन्हाळ्यात कोष होतात. नोव्हेंबरात झाडावर काही दिसणार नाही. कोष, धागा, कापड आणि अवजारं पाहायला मिळतील. धागा काढायचं प्रात्यक्षिक आहे का हे मात्र आधी ईमेलनं विचारा, गेल्यावर विचारून उपयोग नाही.

मात्सुमोतोच्या अलीकडे ओकाया स्टेशनावर उतरा. तिथल्या रेशीम संग्रहालयातच चालू रिळिंगचा कारखाना आहे. जुन्या हाताच्या पद्धतीपासून स्वयंचलित यंत्रापर्यंत कोशातून धागा सुटताना समोर दिसतो. हे तुतीचं रेशीम आहे, पण तुमच्यासाठी पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. कोष किती शिजवतात आणि टोक कसं सापडवतात, ते पाहा. आपला कोष टॅनिन आणि चुन्याच्या क्षारानं कडक झालेला असतो, म्हणून सोडा घालून उकळावा लागतो. तुतीचा कोष नुसत्या गरम पाण्यानं मोकळा होतो. तिथली बाई हातातल्या लहान झाडूनं कोष घोळवते, टोकं झाडूला चिकटतात, मग एकेका कोशाचं खरं टोक वेगळं करते. धागा बारीक झाला की लगेच नवा कोष जोडते. ही जोडणी उशिरा झाली तर लडीत बारीक-जाड पट्टे येतात, आणि मागावर बसल्यावर बाण्यात (आडव्या धाग्यात) ते उघडे पडतात. तिची बोटं बघा, पाटी वाचत बसू नका.

टोकियोच्या शिंजुकूहून ‘आझुसा’ गाडीनं ओकाया अडीच तासांच्या आत येते. मुक्काम मात्सुमोतोला करा.

दुसरं ठिकाण युकी. टोकियोहून शिंकानसेननं (बुलेट ट्रेननं) ओयामा सुमारे चाळीस मिनिटं, पुढे मितो लाइननं दहा मिनिटं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. युकी-त्सुमुगी कापड २०१० साली युनेस्कोच्या यादीत गेलं. कोष सोडा घालून शिजवतात, पाण्यात उघडून एकावर एक ताणतात, त्याची पिशवीसारखी गादी होते, तिला ‘मावाता’ म्हणतात. ती खुंटीवर लावून बोटांनी धागा ओढतात, थुंकीनं ओलावतात आणि पीळ अजिबात देत नाहीत. पीळ नसलेला ताणा (उभे धागे) फणीतून घासून तुटणारच. म्हणून त्याला गव्हाच्या पिठाची खळ देतात आणि विणून झाल्यावर ती कोमट पाण्यात काढून टाकतात. कोरं कापड हाताला कडक लागते, खळ गेल्यावर ते मऊ होते. दुकानात दोन्ही तुकडे मागून हातात घ्या.

त्यांचा माग ‘जिबाता’. ताण्याचं एक टोक विणणारीच्या कमरेला बांधलेलं असते. ती मागे रेलली की ताणा घट्ट, पुढे झुकली की सैल. वही (ताण्याचे धागे वर घेणाऱ्या दोऱ्या) उचलायला पायाच्या पंजाला दोरी. धोटा, म्हणजे बाणा आडवा नेणारं अवजार, मोठा आणि जड असतो, त्याच्या कडेनंच बाणा ठोकतात. खड्डा मागावर बसणाऱ्याला हे पाहताक्षणी कळेल की कापडाचा सगळा ताण त्या बाईच्या पाठीत आहे. ‘त्सुमुगी नो याकाता’ या ठिकाणी विणून पाहण्याची सोय असते. आगाऊ नोंदणी करा आणि ‘पर्यटकांचा उंच माग नको, जिबाता पाहायचा आहे’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर पायट्याच्या मागावर बसवून देतील.

तोमिओकाची १८७२ सालची सूतगिरणी, म्हणजे रेशमाचा कारखाना, खूप जण सुचवतील. इमारत मोठी आहे, इतिहासही मोठा आहे, पण नियमित उत्पादन बंद आहे. दिवस उरला तरच जा.

मानवेल

बुरडकाम करणाऱ्या भाऊंसाठी लिहून राहिलो. बांबूचं गाव म्हणजे बेप्पु, क्युशू बेटावर. टोकियोहून ओइता विमानतळ, पुढे बसनं पाऊण-एक तास. लांब आहे, पण बांबूसाठी इतक्या लांब जाणं योग्यच. १९६७ साली बांबूकामातला पहिला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून जाहीर झालेले शोनो शोउनसाइ इथलेच. शहराचं बांबू हस्तकला केंद्र आहे, तिथे जुन्या कारागिरांच्या वस्तू आहेत आणि नोंदणी केली तर लहान टोपली करून घेतात.

ती टोपली तासा-दीड तासात होते, कारण कामट्या तयार मिळतात. खरं काम तिथे आधीच उरकलेलं असते. म्हणून नोंदणीच्या वेळीच विचारा : ‘कामटी तयार करण्याचं प्रात्यक्षिक पाहता येईल का? वेगळे पैसे देऊ.’ हे वाक्य जपानीत लिहून पाठवा. हो म्हणाले तर पूर्ण दिवस तिथेच द्या.

पाहायचं काय ते सांगतो. त्यांचा बांबू ‘मादाके’. पोकळ, पातळ भिंतीचा, लांब कांड्यांचा. आपला मानवेल जाड भिंतीचा, कधी भरीवच, आणि कांडी आखूड. त्यामुळे त्यांची पद्धत आपल्या बांबूवर जशीच्या तशी चालणार नाही, हे डोक्यात ठेवून पाहा.

ते शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत तोड करतात, तीन-चार वर्षांचा बांबू. त्या काळात साखर-पिठूळपणा कमी असतो, त्यामुळे भुंगा कमी लागतो. मग कॉस्टिक सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात बांबू घालतात. वर येणारं तेल गरम असतानाच फडक्यानं पुसतात. थांबलं तर तेल परत सालीवर बसते आणि डाग राहतात. नंतर उन्हात वाळवतात. हिरवा जाऊन हस्तिदंती रंग येतो.

फाडताना ते शेंड्याकडून सुरू करतात. आधी अर्धा, मग पाव, मग त्याहून बारीक. पुढची पायरी सालीकडचा भाग आणि आतला भाग वेगळा करायची. इथे नवशिक्याचं हमखास बिघडते. फाट मध्यावरून सरकते आणि एक बाजू पातळ होत होत तुटते. उपाय असा की जी बाजू जाड राहून राहिली ती जास्त वाकवायची. फाट नेहमी जास्त वाकलेल्या बाजूकडे वळते. सुरी फक्त पाचरीसारखी आत असते, दिशा हातानं द्यायची. आपल्याकडचे जुने बुरड हेच करतात, तोंडानं सांगत नाहीत एवढंच.

त्यानंतरचं मात्र नीट लक्ष देऊन पाहा. लाकडी ठोकळ्यावर दोन पाती समोरासमोर रोवलेली असतात. कामटी त्या मधून ओढली की सगळ्या कामट्या एकसारख्या रुंदीच्या निघतात. मग कडा मारतात. शेवटी एका पात्याखालून ओढून जाडी सारखी करतात. पात्यांचा आतला कोन, ठोकळ्याची उंची, ओढताना अंगठा कुठे दाबतात, याची वहीत आकृती काढा. फोटोत कोन कळत नाही. ही जुळणी गावातला लोहारही करून देईल, आणि षटकोनी विणीला तिच्याशिवाय पर्याय नाही. तिथे एका कामटीची रुंदी जरी वेगळी निघाली तरी चार-पाच ओळींनंतर भोकं तिरपी होतात आणि मग ती सरळ होत नाहीत.

बेप्पुत मूळ विणी आठ मानतात. चौकोनी, षटकोनी, चटईची ‘आजिरो’, दाट ‘गोझामे’ वगैरे. आठही शिकायच्या मागे लागू नका. षटकोनी एकच धरा. विणताना कामटी ओली ठेवा, साल बाहेरच्या बाजूला.

आणि हो, नुसत्या फुलदाण्या पाहून येऊ नका. रोजच्या वापराची चाळणी-टोपली ते हिरव्या बांबूची करतात, ‘आओदाके’. ते काम आपल्या सूप-टोपल्यांच्या जास्त जवळचं आहे. बाजारात पोचवता येईल असं शिकायचं असेल तर ते विचारा.

तुमची सुरी-कोयता नेऊ नका. तिथे सहा सेंटिमीटरहून लांब पातं कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. तिथून अवजार घेतलं तर दुकानातून बंद खोक्यातच घ्या, पावती ठेवा आणि विमानात खाली जाणाऱ्या सामानात टाका.

हळदबाग

रंगाईवाल्या ताईंसाठी : तोकुशिमा. शिकोकु बेटावर आहे. ओसाकाहून पुलांवरून बस जाते, साधारण अडीच तास. आइझुमी गावात ‘आइ नो याकाता’ म्हणून निळीचं संग्रहालय आहे, तिथे रुमाल रंगवता येतो.

नोव्हेंबर यासाठी चांगला महिना आहे. आपली नीळ पानं पाण्यात भिजवून, घुसळून, गाळ वड्या करून होते. तिथे वाळलेली पानं मातीच्या जमिनीवर ढीग लावून कुजवतात. त्याला ‘सुकुमो’ म्हणतात. सप्टेंबरच्या सुमारास ढीग लागतो, सुमारे १०० दिवस चालतो, दर पाचेक दिवसांनी पाणी देऊन पालटतात. आत ६०-७० अंशांपर्यंत ताप चढतो, कंपोस्टच्या ढिगासारखा वाफाळतो आणि अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबतो. हे करणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी आहेत, म्हणून पालटताना पाहायची परवानगी दोन-तीन महिने आधी मागा. नाही म्हटलं तर आग्रह करू नका, त्या दिवशी त्यांना पाहुणे परवडत नाहीत.

रंगाचं भांडं लाकडाच्या राखेच्या पाण्यावर लावतात. सुकुमो, राखेचं पाणी, चुना, गव्हाचा कोंडा. कोंडा जंतूंचं खाद्य. आठ-दहा दिवसांत वर निळसर-जांभळा फेस येतो, त्याला ते निळीचं फूल म्हणतात. फेस मेला की जंतू थकले, मग त्या दिवशी रंगवत नाहीत.

रुमाल रंगवताना चार गोष्टी सांभाळा. कापडात खळ किंवा तेल नको, नाहीतर ढब्बे राहतात. आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा. भांड्यात हात हळू चालवा, बुडबुडे झाले की हवा आत जाते आणि रंग वायाच जातो. तळ ढवळू नका, गाळ वर आला की ठिपके पडतात. बाहेर काढल्यावर हिरवट दिसते, घड्या उघडून हवा द्या, निळं होत जाते. घडी चिकटलेली राहिली तर तिथे पट्टा येतो. एकदाच खूप वेळ बुडवण्यापेक्षा एक-दोन मिनिटांच्या जास्त बुड्या चांगल्या.

कोशाचा तुकडा न्यायचा असेल तर आधी विचारा. हे भांडं क्षारधर्मी असते आणि रेशमाला क्षार मानवत नाही. बुड्या आखूड ठेवा, भरपूर पाण्यात धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. हातमोजे घाला. नखांत शिरलेली नीळ नख वाढेपर्यंत जात नाही.

मोहाडी_माग

एवढं तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, खरंच आभार. पण बेप्पु, तोकुशिमा आणि नागानो, तिन्ही एकत्र जमतील असं दिसत नाही. आणि ताईंना त्या सोन्यानं जोडलेल्या भांड्यांचंही शिकायचं होतं. चहाचा कार्यक्रम एकदा पाहावा का?

ऐन_अर्जुन

तिन्ही धरू नका. दोन गट करा. कोशाचे दोघं युकी-ओकाया-आझुमिनो. बुरडभाऊ आणि ताई बेप्पु-तोकुशिमा, मध्ये ओसाकात एक मुक्काम. चौघांनी सगळीकडे मिळून फिरलात तर प्रत्येकाचे निम्मे दिवस दुसऱ्याच्या कामात जातील.

क्योतो वाटेत आलंच तर निशिजिन या विणकरांच्या भागात ‘त्सुमे-त्सुझुरे’ कापड विणताना पाहा. विणकर आपल्या नखांना करवतीसारखे दाते घासून घेतात आणि त्यानंच बाणा खाली ओढतात. त्यात दोन रंग भेटतात तिथे कापडात उभी फट राहते. आपल्या करवतकाठीत काठ आणि अंगाचे बाणे एकमेकांत अडकवतात, फट राहत नाही. तुमचा नमुना सोबत ठेवा. दाखवला की त्या माणसाशी बोलायला भाषा लागणार नाही.

गडचिरोलीची_ताई

सोन्याची जोडणी, ‘किंत्सुगी’, एका दिवसात शिकवतात ती बहुतेक इपॉक्सी आणि पितळेच्या पुडीची असते. शोभेला ठीक, त्यात खाऊ-पिऊ नका. खरी जोडणी ‘उरुशी’ म्हणजे झाडाच्या चिकाची. कणीक-पाणी-चीक मळून तुकडे जोडायचे, मग बारीक मातीची पूड आणि चिकानं खाचा भरायच्या, घासायचं, चिकाचा हात द्यायचा आणि तो ओलसर असतानाच सोनं. प्रत्येक थराला दमट पेटीत सुकायला वेळ लागते, साधारण ७० ते ८५ टक्के आर्द्रता. कोरड्या हवेत तो सुकतच नाही. त्यामुळे आठवडे जातात. आठ दिवसांच्या दौऱ्यात ते बसत नाही. कारागिराचं काम नुसतं पाहावं.

एक इशारा. उरुशीचं झाड बिब्ब्याच्या, आंब्याच्या कुळातलं. ज्यांना बिब्बा उतते त्यांना उरुशीही उतण्याची शक्यता मोठी. ओल्या चिकाला हात लावू नका, लांब बाह्या घाला. लागलाच तर आधी खायच्या तेलानं पुसा, मग साबण. वाळून पक्का झालेला चीक मात्र बाधत नाही, त्या वाटीत खुशाल जेवा.

वरोरा_रोड

चहाचा कार्यक्रम जरूर पाहा, पण किमोनोसकटचा महाग प्रकार नको. क्योतोजवळच्या उजी गावी नगरपालिकेचं चहाघर आहे, ‘ताइहोआन’, नदीकाठी. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा, वाटीला ओरखडा पडतो. स्वच्छ पांढरे मोजे न्या. चटईच्या काठावर आणि उंबऱ्यावर पाय देऊ नका. गोड आधी संपवायचं, चहा नंतर. वाटी उजव्या हातानं उचलून डाव्या तळव्यावर, दोनदा घड्याळाच्या दिशेनं फिरवून समोरची बाजू टाळायची, तीनेक घोटांत संपवायचं. त्यात साधारण दोन ग्रॅम पूड आणि ७० मिलि पाणी, ८० अंशांच्या आसपास. कडू लागते, म्हणूनच गोड आधी. वज्रासनात पाय बधिर झाले तर परवानगी मागून मांडी घाला, राग येत नाही. उठताना आधी पायांची बोटं टेकवून थांबा, एकदम उठलं की माणूस पडते.

आता कागदपत्रं. प्रदर्शनात माल मांडणार, विकणार, तर पर्यटनाचा ई-व्हिसा चालणार नाही. आयोजकांकडून निमंत्रणपत्र आणि दिवसवार कार्यक्रम मागवून व्यवसायाचा अल्पमुदती व्हिसा करा. त्यावरच उरलेले दिवस फिरता येते, तेही कार्यक्रमात लिहा. परत आणायच्या साड्यांसाठी ‘एटीए कार्ने’ काढा, म्हणजे तात्पुरत्या नेलेल्या मालावर जकात लागत नाही; भारतात फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना ते देते. विकायच्या साड्या त्यात घालू नका, त्यांची जकात वेगळी भरावी लागते. जिवंत कोष, बिया, फळं, मांसाचे पदार्थ नेऊ नका.

रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० झाला. युकी-मात्सुमोतो मार्गाला तो परवडत नाही, सुटी तिकिटं काढा.

शाकाहाराचं नीट घ्या. भाजी शाकाहारी दिसते, पण रसात ‘दाशी’ असते, म्हणजे बहुधा सुक्या माशाचा अर्क. ‘निकु, साकाना, दाशी मो ताबेमासेन’ हे कार्डावर जपानी लिपीत छापून घ्या. मंदिरांतलं ‘शोजिन र्योरी’ जेवण पूर्ण शाकाहारी. लहान गावांत संध्याकाळी पर्याय संपतात, म्हणून भाकरी-चटणीसारखा कोरडा शिधा बरोबर असू द्या.

कार्यशाळेला दहा मिनिटं आधी पोचा. उशीर होणार असेल तर हॉटेलवाल्याला फोन करायला सांगा. भावात घासाघीस नाही, बक्षिसी नाही. लहान ठिकाणी कार्ड चालत नाही, रोख येन ठेवा. कारागिराला द्यायला कोशाचा रुमाल न्या, दोन्ही हातांनी द्या. सार्वजनिक संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद, सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी, पण काहींचा वार वेगळा असते, प्रत्येकाचा तपासा. नोव्हेंबरात साडेचारला सूर्य मावळते आणि मात्सुमोतोला पहाटे शून्याजवळ थंडी असते. स्वेटरवर भागणार नाही, जाड जाकीट घ्या.